मऊ तारा

जेनलिनने नव्या इलेक्ट्रिक गिटारीची तार छेडली. अॅम्पमधून आवाज आला तो नुसता घूंऽऽ, पंख्यात माशी अडकल्यासारखा. तिने अजून जोरात छेडली. परत घूंऽऽ.

"वाजव ना," डॅरियल म्हणाला.

"वाजवतेच आहे!"

डॅरियलच्या गॅरेजात पत्र्याखाली नुसता भट्टीचा उकाडा. बॅण्ड त्याचा. बॅण्डचा गिटारवाला जहाजावर नोकरीला लागला होता, आणि शनिवारी गावच्या जत्रेत, फिएस्ताच्या स्टेजवर त्याच्या जागी एक जण हवा होता. एकच. त्या जागेसाठी दोघं आले होते. जेनलिन आधी येऊन बसली होती. दुसरा आर्नेल. तो फाटकाला टेकून हिरवा आंबा मिठात बुडवून खात होता आणि मजा बघत होता.

"फळी आहे गं ती," आर्नेल म्हणाला. "कपडे धू तिच्यावर."

"तू गप रे, आंबेखाऊ!"

डॅरियलने वायर उपटली, फुंकली, परत खुपसली. घूंऽऽ. मग त्याने स्वतःची गिटार लावून बघितली. ती खणखणीत वाजली. म्हणून तो वाकून जेनलिनच्या गिटारीकडे नीट बघायला लागला, आणि त्याने कपाळाला हात लावला.

"जेन, तारा कुणी घातल्या?"

"तातयने. सकाळीच बदलल्या. का?" बापाला ती तातय म्हणायची.

"नायलॉनच्या आहेत."

"मग काय झालं? मऊ आहेत. बोटं कापत नाहीत."

"अगं बाई, तारांच्या खाली लोहचुंबक आहेत! त्यांना लोखंड लागतं. नायलॉन हललं काय, नाही हललं काय, चुंबकाला पत्ता नाही!"

जेनलिनकडे अॅम्प नव्हता. घरी ती गिटार कोरडीच वाजवायची. तिला कसं कळणार?

आर्नेल आंबा घशात अडकेपर्यंत हसला. "नोंग पिडियोची पोरगी! अख्खं बेट ज्याच्याकडून गिटारी बनवून नेतं, त्याची पोरगी!"

डॅरियलने खणातून लोखंडी तारांचं जुनं पाकीट काढून तिच्याकडे फेकलं. तिने घाईघाईत तारा चढवल्या, एक टोक बोटात घुसलं, तरी चढवल्या. छेडल्या. या वेळी आवाज आला. पण कसला, डब्यात खिळे हलवल्यासारखा. जाड नायलॉन बसावं म्हणून तातयने गिटारीच्या मानेवरच्या हाडाच्या पट्टीतल्या, तारा बसायच्या खाचा कानशीने रुंद करून ठेवल्या होत्या. बारीक तार त्यात अशी लोळत होती, जसा बापाच्या चपलेत पोराचा पाय.

"ही पट्टी बदलावी लागेल," डॅरियल म्हणाला. "हे बघ, वाईट वाटून घेऊ नको. पण पाचची घंटा झाली चर्चची, की मी आर्नेलला उभा करणार."

जेनलिन गिटार घेऊन तडक घरी.

तातय छपरीत बसून फणसाच्या लाकडाची फळी तासत होता. तिला बघून त्याचा चेहरा खुलला. "काय मग? लोण्यासारख्या ना तारा?"

"आवाजच नाही आला!"

"माझ्या तारांना आवाज नाही?"

"नाही! तिला लोखंडीच लागतात! आणि तू खाचा कशाला घासल्यास? कुणी सांगितलं होतं?"

"बोटं बघ तुझी, किती कापलीत. काल खारा मासा सोलताना रडत होतीस."

"माझी बोटं आहेत! मी बघीन काय करायचं ते! मला नवी पट्टी दे करून. आत्ता."

तातयने मान परत फळीत घातली. "त्या ओंडक्यासाठी मी हाड कापत नाही. आत पोकळी नाही, काही नाही. तिला गिटार कोण म्हणतं?"

"ठीक आहे!"

तिने डब्यातून रेड्याच्या हाडाचा एक तुकडा उचलला, पकडीत आवळला आणि हाताला लागली ती कानस घेऊन घासायला सुटली. करकर करकर. तातय ऐकत राहिला. त्याचा एक खांदा वर गेला. मग दुसराही.

"अगं ती पत्र्याची कानस आहे!"

करकर.

"अशी धरतात होय? मागे ओढू नको! पुढे! मागे ओढू नको म्हणतोय ना! अरे देवा, वाट लावली हाडाची. सरक. सरक तिकडे!"

त्याने तिला ढकललंच. ते हाड फेकून दुसरं घेतलं. जेनलिन बाजूला उभी राहून पाय आपटत होती.

"लवकर."

"घाई असेल तर मोबाईलवरून मागव. ही गिटार मागवलीस तशी."

"तातय!"

"तार दे इकडे. एकेक. कुठली कुठे ते सांग."

ती तारा देत गेली. तो प्रत्येक तार चिमटीत फिरवून बघायचा, तोंड वाकडं करायचा आणि तेवढीच खाच पाडायचा. पट्टी बसली, तारा बसल्या, हलेनात. तातयने अंगठ्याने सगळ्या एकदम छेडल्या. बारीक आवाज आला, टिणटिण, आणि संपलाही.

त्याने गिटार कानापाशी नेली. "एवढाच?"

"वायर लावली की मोठा येतो!"

"आणि लाईट गेली की?"

जेनलिनने त्याच्या हातातून गिटार ओढली, पिशवीत कोंबली आणि धावत सुटली. घंटा अजून झाली नव्हती. गल्लीच्या टोकाला पोहोचल्यावर ती वळली आणि चिडून ओरडली,

"तेव्हा तुझी वाजवीन!"