विंचरलेली वाट

"थांबा हो जरा," ती म्हणाली. पण दोन व्हॅक्यूम क्लीनर दाखवायला घरी आलेल्या दुकानातल्या माणसाने तोवर त्यातला थोरला सुरू केला होता. तिचे शब्द घरघरीत बुडून गेले.

खोलीभर हिरवा गालिचा होता, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. दुपारचं ऊन त्यावर आडवं होऊन पडलं होतं. आतल्या खोलीच्या दाराकडचा अर्धा भाग थोरल्याने झाडून काढला. मग त्या माणसाने धाकटा घेतला आणि खिडकीकडचा अर्धा भाग पुढे-मागे, पुढे-मागे करत संपवला. घरघर थांबली तेव्हा खोली इतकी निवांत झाली, की उन्हात तरंगणारे कणही ऐकू येतील असं वाटलं.

"आता तुम्हीच सांगा, काकू," तो घाम पुसत म्हणाला. "दाराकडचं काम थोरल्याचं, खिडकीकडचं धाकट्याचं. थोरला दमदार. गालिच्याची लव मुळापासून उभी करतो. धाकटा वजनाला हलका, पण त्याच्या पोटात डोकावून बघा, निम्मीसुद्धा धूळ नाही. माझ्या आईला द्यायचा झाला ना, तर मी थोरलाच देईन."

ती गुडघ्यांवर बसून डाव्या तळव्याने गालिचा चाचपत होती. उजवा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता. रोज सकाळी ती इथे ब्रश घेऊन बसे आणि आतल्या दारापासून खिडकीपर्यंत एक वाट विंचरी. वाटेवरची लव खिडकीकडे झुकवायची, दोन्ही बाजूंची आडवी ठेवायची. अनवाणी पायांना जाताना मऊ लागे, येताना खरखरीत. आज सकाळी दात आवळून तिने ती कशीबशी विंचरली होती. आता तळव्याला कुठेच काही लागेना.

आतलं दार उघडलं. आवाज थांबला म्हणून तिचा नवरा बाहेर आला. मान वर, हात मागे, बागेत फिरायला निघाल्यासारखा. दोन पावलं टाकली आणि जागच्या जागी थांबला.

"अगं," तो म्हणाला, "आपली खोली कुणी उचलून नेली?"

दुकानातला माणूस हसला. मग त्याने त्या डोळ्यांकडे पाहिलं. ते त्याच्या डोक्यावरून कुठेतरी लांब पाहत होते. त्याचं हसू विझलं.

"अहो, थांबा. मी येते, हात धरते."

"हात नको. तू हात धरलास की मी या घरात पाहुणा होतो." त्याने पाऊल गोल फिरवून पाहिलं. "इथं सगळं गवत उभंच्या उभं. कुठूनही कुठेही जा म्हणतंय. मऊ आहे गं फार. पण जाऊ कुठे?"

तरी तो निघाला. कमरेएवढ्या पाण्यातून चालावं तसा, हात जरासे पसरून. गालिच्याच्या मध्यावर आला आणि त्याचा चेहरा उजळला.

"ही बघ, सापडली!" पुढच्याच पावलाला तो अडखळला. "नाही गं. एक पट्टा ये म्हणतो, शेजारचा जा म्हणतो. दोन भावांना एकच पत्ता विचारावा तसं झालंय."

पट्ट्यामागून पट्टा ओलांडत तो तिरका तिरका गेला आणि कपाटापाशी पोचला. गुडघा लाकडाला लागला तसा समाधानाने उभा राहिला. रोज खिडकीपुढे उभा राही तसाच, हनुवटी उचलून.

"आज ऊन गार आहे गं," तो म्हणाला.



"काकू, आधी सांगायचं ना मला," दुकानातला माणूस पुटपुटला.

"सांगत होते की. तुमचा थोरला बोलू देईल तर!"

ती उठली. तिने धाकट्याचा दांडा डाव्या हाताने धरला आणि त्याला कपाटापाशी नेलं, नवऱ्याच्या अंगठ्यांना टेकेल असं उभं केलं. "अहो, इकडे वळा. घरघर सुरू झाली की पाय टाका. लगेच नको, जरा मागून."

मग खिडकीकडे पाठ करून ती मागे मागे चालू लागली. ढकलणं नाही, नुसतं ओढणं.

"काकू, पुढेही ढकलायचं असतं," तो माणूस घरघरीवरून ओरडला. "नाहीतर धूळ राहते!"

"राहू दे!"

तिने मागे वळून पाहिलं नाही. ब्रशखालची लव तिच्या दिशेने निजत गेली, एक सरळ, गडद पट्टा उमटत गेला. नवऱ्याने त्यात पाऊल टाकलं. थबकला. दुसरं टाकलं. मग त्याचे पसरलेले हात आपोआप खाली आले आणि पाठीमागे जाऊन एकमेकांत गुंतले. ती मागे मागे, तो पुढे पुढे, मधे ती घरघर. दुकानातल्या माणसाने वायर उचलली आणि त्यांच्या आड येऊ नये म्हणून डोक्यावर धरून उभा राहिला.

तिच्या कमरेला खिडकीचा कठडा लागला. तिने बटण बंद केलं आणि दांडा बाजूला केला. नवरा आणखी दोन पावलं आला आणि बोटभर अंतरावर थांबला. त्याच्या तोंडावर ऊन होतं. अंगठ्याने त्याने पुढचा गालिचा हळूच चाचपला.

"अगं," तो म्हणाला, "तुझ्या पायाखालचं राहिलंय."