बंद झरोका

थंडी पडल्यावर चिरंजीवांनी बाबांच्या खोलीत गॅसचा हीटर बसवला आणि ऊब वाया जाऊ नये म्हणून भिंतीतला झरोका चिकटपट्टीने बुजवून टाकला. तेव्हापासून बाबांचं डोकं दुखायचं. "दिवसभर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसल्यावर दुसरं काय होणार, बाबा?" असं चिरंजीव रोज सुनावायचे.

आज सर्व्हिसिंगला आलेल्या मेकॅनिकने हीटरला हात लावायच्या आधी ती पट्टी टराटरा ओढून काढली.

"याला धुराडं नसतं, साहेब. हवा खेळती नसली, तर माणूस झोपेतच जातो. कोणाचं हे डोकं?"

"बाबांचं," चिरंजीव पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाले.

 

"हो, माझंच," कॉटवरून बाबा म्हणाले, "हा बिचारा नको नको म्हणत होता."