तिसरी ‘ब’ला दिसलेला फरक

“जात, धर्म, प्रांत आमच्या मुलांना ठाऊकच नाहीत. तुमच्या पुस्तकांनी कळतील,” असं नव्या शिक्षिका आम्रपालीबाईंना म्हणत सदाशिव पेठेतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका लिमयेबाई परिसर अभ्यासाच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसल्या. एक जरी वावगा प्रश्न आला, तरी आम्रपालीबाईंनी वर्गासाठी आणलेली सगळी पुस्तकं कपाटात जाणार होती.

आम्रपालीबाईंनी नागालँडच्या मुलीचं चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं. बांबूचं घर, चुलीवर टांगलेलं मांस, ताटात उकडलेल्या गोगलगाई. मग धीर करून विचारलं, “हिच्यात आणि आपल्यात काय वेगळं आहे?”

लिमयेबाई सावरून बसल्या.

पहिल्या बाकावरची ईरा उठली. “बाई, ती जेवताना गोष्टीचं पुस्तक वाचतेय, आणि तिची आई काहीच बोलत नाहीये!”

वर्गात एकच गलका झाला. “कुठंय? दाखवा ना!” “बाई, बाबांच्या आयटी कंपनीचं तिकडे ऑफिस आहे का हो? आम्ही तिकडेच राहायला जाऊ!”

“अशानंच मुलं बिघडतात,” म्हणत लिमयेबाईंनी पुस्तक जप्त केलं.

मधली सुट्टी संपल्यावर आम्रपालीबाई ते मागायला गेल्या. लिमयेबाईंनी डबा बंद करत ते परत दिलं.

गोगलगाईंच्या पानावर आमटीचा ताजा डाग होता.