सर्व्हरमधला चौथा भाग

माझा पोरगा श्रीपाद हिंदी मुलखाच्या नव्या राजधानीतल्या एका सरकारी ऑफिसात सर्व्हर सांभाळतो; तिथं परक्याशी हिंदीतच बोलतो. त्या दिवशी जेवायला आला नाही, म्हणून दुपार कलल्यावर मीच डबा घेऊन गेली. दारात चप्पल काढून त्या गार खोलीत बसली.

सर्व्हरच्या डिस्कचे त्यानं तीन भाग केले होते. सकाळपासून तिथं चौथा दिसून राहिला होता. तो फुगला की बाकीचे आकसत. मास्तरांच्या नेमणुकीची यादी त्याच्यापायी अडकली होती. पाचपर्यंत ती वर गेली नाही तर याची नोकरी जाणार होती.

"न बोलावता आला, तर ठेवतो काहून? हाकल त्याले," मी म्हणाली.

त्यानं चौथा भाग पुसला. तेवढ्यात फोन वाजला. तो ऐकून म्हणाला, "आई, ही मीरा कोण? घरी कधी येता, विचारते."

"लग्नाची बायको आहे तुझी. माझ्याशी थट्टा नको."

तो हसला नाही. पडद्यावर चौथा भाग परत आला होता, आधीपेक्षा मोठा. त्यानं तोही पुसला. मग टेबलावरचा त्याच्या लेकीचा, श्रावणीचा फोटो उचलून म्हणाला, "हे कोणाचं लेकरू?"

पडद्यावर चौथा भाग पुन्हा आला होता. मी त्याचा हात धरला. "नोकरी जाऊ दे, बापू. आता पुसू नको." आयुष्यात कोणापुढे जोडले नव्हते ते हात मी पोटच्या पोरापुढे जोडले.

"पाचच मिनिटं उरली, आई," तो म्हणाला, अन् त्यानं पुसायचं बटण दाबलं.

यादी वर गेली. त्यानं खुर्ची वळवली, मले पाहिलं अन् अदबीनं उभा राहिला.

"अम्माजी, आपको किससे मिलना है?"