मातीचा बाबा

कॅनडातल्या एडमंटनच्या बालवाडीत मिस हालिनांनी मुलांना मातीचे गोळे वाटले. "ज्याचा राग आलाय, त्याला घडवा आणि मग द्या एक गुद्दा!" सगळी पोरं तुटून पडली. कुणी भावाला चपटं केलं, कुणी दात काढणाऱ्या डॉक्टरला. पाच वर्षांच्या ओडेटनं मात्र बाबा घडवला. तो उत्तरेला तेलविहिरींवर कामाला होता; नाताळला येतो म्हणाला आणि आलाच नाही. तिनं मूठ उगारली, पण ती हवेतच राहिली. मग तिनं चिमूटभर माती घेऊन बाबाच्या डोक्यावर कानटोपी चढवली. "अगं, राग आलाय ना त्याचा?" मिसनी हळूच विचारलं. "खूप आलाय. पण तिकडे थंडी फार असते." माती डब्यात भरायची वेळ झाली. ओडेटनं बाबाला ओंजळीत झाकलं. "मिस, बाबा घरी येईपर्यंत याला हीटरजवळ ठेवू?" मिसनी हीटरलगतच्या कुंड्या बाजूला सारल्या.