रवणीची अंडी

शेजारच्या रेश्माची कोंबडी खुडूक झाली, तेव्हा तिनं मालनकाकूंकडं रवणीला घालायला, म्हणजे तिच्याखाली उबवायला, गावठी अंडी मागितली. नाही म्हणणं काकूंच्या जिवावर आलं आणि आपल्या खुराड्यातली अंडी देणं त्याहून जिवावर आलं. मग त्यांनी दुकानातून पोल्ट्रीची पांढरी अंडी आणली, चहाच्या पाण्यात बुडवून तांबूस केली आणि हसतमुखानं तिच्या हाती दिली. त्यातून पिल्लू निघणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तीन आठवडे उलटले आणि एका सकाळी रेश्मा काखेत कोंबडी घेऊन दारात उभी राहिली. भांडायलाच आली असणार, म्हणून काकू सावरून बसल्या.

"काकू, एकही फुटलं नाही. मी सारखी तिला उठवून बघत होते, तिथंच चुकलं. तुमची चांगली अंडी वाया घालवली बघा. ही कोंबडी ठेवून घ्या."

काकूंनी कोंबडी हातात घेतली. बसून बसून ती कापसासारखी हलकी झाली होती, छातीचं हाड बोटांना लागत होतं. काकूंना मान वर करवेना.

"तुझं काही चुकलं नाही गं," त्या कशाबशा म्हणाल्या. "अंडी दुकानातली होती. मीच चहात रंगवली."

रेश्मानं कोंबडी परत काखेत घेतली.

"मला नाही म्हणाला असतात तरी चाललं असतं, काकू. हिला कशाला एवढे दिवस उपाशी बसवलंत?"