रिकाम्या हातांचा फुलबॅक

चेंडू याही वेळी ग्रेडीकडे नव्हता. तरी समोरची धटिंगण पोरं त्याच्यावरच कोसळली, आणि तिकडे डाव चालवणारा क्वार्टरबॅक कोल चेंडू घेऊन कडेनं आरामात निघून गेला. अख्खं गाव कोलच्या नावानं ओरडत उभं राहिलं. लीलँड ड्राइलिंग तेवढा बसून होता. तो मैदानाच्या मधल्या ढिगाकडे बघत होता. ढिगाखालून त्याचा पोरगा निघायचा होता.

अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायची लीलँडची रीतच अशी. चेंडू कुठे गेला, गुण किती झाले, हे तो बायकोला विचारायचा. त्याची नजर ग्रेडीवरून हलत नसे. ग्रेडी फुलबॅक. कोलनं चेंडू त्याच्या पोटाशी टेकवायचा, ग्रेडीनं त्यावर दोन्ही हात मिटायचे, आणि ऐनवेळी कोलनं चेंडू काढून घेतला की ग्रेडीनं रिकामे हात तसेच आवळून माणसांच्या भिंतीत मुसंडी मारायची. मार ग्रेडीचा, वर्तमानपत्रात फोटो कोलचा. शाळेची सगळी वर्षं असाच हिशेब चालला होता आणि आजचा सामना शेवटचा. घरी कधी कधी ग्रेडी धान्याच्या कोठीमागे एकटाच पळायचा, पोटाशी काहीही नसताना हात आवळून. ते दिसलं की लीलँडला त्याची कीव यायची. पोरगं कधी चकार शब्द काढत नसे, त्यानं तर जास्तच.

पश्चिम कॅन्ससमधल्या बाकीच्या गावांनी केव्हाच चेंडू लांब फेकायला सुरुवात केली होती. कोच विंकलर मात्र पळण्याचा खेळ सोडायला तयार नव्हते. त्यांच्या लेखी चेंडू हवेत गेला म्हणजे हातचा गेला. लीलँडही त्यांच्याच हाताखाली फुलबॅक म्हणून खेळला होता. त्या काळी फुलबॅकला चेंडू मिळायचा. हे तो गावाला अजूनही ऐकवायचा, गावानं विचारलेलं नसलं तरी.

मध्यंतरात तो कुंपणाशी जाऊन उभा राहिला.

"कोच, एकदा. एकदाच पोराच्या हातात चेंडू द्या. परत तोंड उघडणार नाही."

"तू आणि गप्प? ते बघायला तर सामन्यापेक्षा जास्त गर्दी होईल." विंकलरांनी सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकली. "लेका, चेंडू कोणाकडे आहे ते समोरच्या पोरांना विचार. ग्रेडीकडेच, म्हणतील. म्हणून तर कोल मोकळा सुटतो. तुला खरा चेंडू द्यावा लागायचा, कारण तुला नाटक जमत नव्हतं."

लीलँड तणतणत परत आला.

"काय म्हणाले?" त्याच्या बायकोनं, डोनानं विचारलं.

"म्हातारे झालेत."

शेवटच्या डावापर्यंत तो धुमसतच होता. चेंडू शेवटच्या रेघेपलीकडे नेऊन टचडाउन केला तर सामना आपला, नाही तर घरी. वेळ संपत आलेली. कोलनं चेंडू ग्रेडीच्या पोटाशी टेकवला आणि ग्रेडी हात आवळून भिंतीत घुसला. या वेळी लीलँडला चेंडू दिसला. कोपराखाली, तपकिरी, अगदी स्पष्ट. तो बाकावर चढला. "दिला. पोराला दिला." ग्रेडीवर ढीग पडला. पंचानं शिट्टी फुंकली.

पंच ढीग उपसत गेला आणि तळाशी त्याला ग्रेडीचे रिकामे हात सापडले. कोल चेंडू घेऊन केव्हाच रेघेपलीकडे पोहोचला होता. पण शिट्टी वाजली की खेळ मेला. पंचाची चूक, म्हणून डाव परत खेळायचा. टचडाउन गेला तो गेलाच.

"अरे आंधळ्या, चेंडू कोणाकडे आहे एवढंही दिसत नाही का तुला?" गाव पंचाच्या सात पिढ्या उद्धरू लागलं. लीलँड अंग चोरून खाली बसला. शिट्टी त्याच्या हातात असती तर त्यानंही फुंकली असती. पोटच्या पोरानं बनवलं होतं. आता नाही बनायचं, त्यानं ठरवलं.

विंकलरांनी खूण केली. तोच डाव पुन्हा.

कोलनं चेंडू पोटाशी टेकवला. ग्रेडी निघाला, पण त्यात जीव नव्हता. खांदे पडलेले, एक हात लोंबत, पावलं रेंगाळत. खेळ संपलेल्या पोरासारखा. पोरगा वैतागला शेवटी, लीलँडला वाटलं. किती दिवस सोसणार? ते बघवेना, म्हणून इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं पोरावरची नजर काढली आणि कोलवर लावली. कोल पोटाशी हात आवळून कडेनं सुसाट निघाला होता. समोरचा सगळा संघ त्याच्यामागे. त्यांनी त्याला आडवा केला. लीलँडनं डोकं धरलं.

मग आरडाओरडा झाला, तो भलत्याच बाजूनं. डोना त्याची बाही ओढत होती, रडत होती. रेघेपलीकडे ग्रेडी एकटाच उभा होता. दुसऱ्या हातानं मांडीमागे दडवलेला चेंडू त्यानं आता वर धरला होता.

कुंपणाशी ग्रेडी धावत आला. तोंडभर चिखल, डोळे चमकत होते.

"बाबा, मी पळत होतो तेव्हा तुम्ही कुठे बघत होतात?"

लीलँडला खरं सांगवेना. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं, तेव्हा बाप दुसऱ्याच्या पोराकडे बघत बसला होता, हे कसं सांगायचं? तो छाती भरून म्हणाला, "तुझ्याकडेच. चेंडू तुझ्याकडे आहे हे मला पहिल्यापासून दिसत होतं."

ग्रेडीचा चेहरा उतरला. त्यानं शिरस्त्राणाचा पट्टा उगाच ओढला, परत मैदानाकडे बघितलं.

"दिसत होतं?" तो म्हणाला. "मग माझं चुकलं कुठे?"